पुशरॉड लांब केला की घाटात स्लिप, आखूड केला की रिव्हर्सला करकर: जुन्या एमजी ए-चा क्लच

जुनी स्पोर्ट्स कार आहे आणि दर दोन महिन्यांनी क्लच 'सेट' करावा लागतोय, अशांसाठी हे लिहितेय. आम्हाला चार वर्षांनी कळलेली गोष्ट आधीच सांगून टाकते. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर क्लचकडे ऑइल ढकलतो. त्याच्या पुशरॉडवर, म्हणजे पेडलपासून पिस्टनपर्यंतच्या दांड्यावर, जो चेक नट असतो, त्याचं काम एकच: पिस्टन पूर्ण मागे येईल एवढी बारीक फट राखणं. क्लच वर आणायला तो नट फिरवला की आजचं दुखणं जातं आणि पुढच्या महिन्याचं तयार होतं. पेडल खाली सुटतंय म्हणजे पाय आणि क्लच प्लेट यांच्या मध्ये कुठेतरी काही मिलिमीटर हरवलेत. ते कुठे हरवलेत हे मोजून शोधल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

आमची गाडी १९५७ सालची एमजी ए, १४८९ सीसी, दोन एसयू कार्बोरेटरवाली. बाबांनी ती १९७४ साली मडगावच्या एका कुटुंबाकडून घेतली. गाडी तेव्हापासून बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या दारात आहे आणि अजून रस्त्यावर पळते. हे मुद्दाम सांगते, कारण झाकून ठेवलेल्या गाडीचा क्लच आणि चालत्या गाडीचा क्लच यांची दुखणी वेगळी असतात. उभ्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तो वेगळाच विषय आहे.

दुखणं असं होतं. सकाळी गाडी काढायची तर रिव्हर्स टाकताना करकर आवाज. पेडल पार जमिनीला टेकवलं तरच गिअर पडायचा, आणि पाय केसभर उचलला की गाडी हलायला लागायची. बाबा म्हणायचे, "क्लच खालीच सुटूलालाय की गं." मग गॅरेज. मेकॅनिक पुशरॉड दोन आटे लांब करून द्यायचा. पेडल छान वर यायचं, गिअर लोण्यासारखे पडायचे. मग आम्ही कधीतरी गोव्याला जायचो. जांबोटी, कणकुंबीकडून चोर्ला घाट उतरताना काही त्रास नाही. परत येताना साखळी सोडून चढण लागली, इंजिन चांगलं तापलं, की अर्ध्या घाटात क्लच स्लिप. इंजिन ओरडतंय, गाडी जागची फारशी हलत नाही, आणि जळक्या प्लेटचा वास. घरी आल्यावर दुसरा मेकॅनिक रॉड आखूड करायचा. स्लिप बंद, करकर सुरू.

हे चक्र आम्ही सहा वेळा फिरलो. मधे एकदा गिअरबॉक्स उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सगळं नवं घातलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. कामं करणारी माणसं अनुभवी होती, त्यांनी मनापासून केलं. चूक एवढीच झाली की प्रत्येकाने समोरचं लक्षण दुरुस्त केलं आणि आम्हीही प्रत्येक वेळी तेवढंच सांगितलं. रॉड लांब केला की एक दुखणं आणि आखूड केला की दुसरं, अशी वेळ आली की समजायचं: दोष सेटिंगमध्ये नाहीच.

घाटात क्लच स्लिप का व्हायचा

हे नीट समजून घ्या, बाकीचं आपोआप उलगडतं.

मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रबरी वॉशरच्या अगदी पुढे एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. ते वर टाकीत उघडतं. पेडल सोडलं की पिस्टन मागे येतो, भोक मोकळं होतं आणि पाइपातलं ऑइल (म्हणजे ब्रेक फ्लुइड) टाकीशी जोडलं जातं. इंजिनच्या उष्णतेने ऑइल फुगलं तर ते या भोकातून वर निघून जातं. म्हणूनच पुशरॉड आणि पिस्टन यांच्यामध्ये थोडी फट लागते. एमजी ए-मध्ये ती रॉडवर १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर. पेडलच्या पॅडवर मोजली तर ५/३२ इंच, म्हणजे जवळजवळ ४ मिलिमीटर.

रॉड लांब केला की ही फट संपते. पिस्टन थोडा पुढेच राहतो, भोक झाकलेलं राहतं. गार गाडीत काही कळत नाही. चढणीवर इंजिन तापलं, ऑइल फुगलं, की त्याला वर जायला वाट नाही. मग ते खाली क्लचपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरलाच ढकलतं. म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला. प्लेट घसरणारच.

खात्री कशी केली ते सांगते. शेवटच्या खेपेला क्लच स्लिप व्हायला लागल्यावर मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावले आणि स्लेव्हचा ब्लीड निपल (एअर काढायचा) अर्धा आटा सैल केला. पेडलला कुणी हात लावला नव्हता, तरी ऑइलची एक बारीक चिळकांडी उडाली. लगेच निपल बंद केला. पुढे वरपर्यंत क्लच एकदाही घसरला नाही. त्या क्षणी कळलं की प्लेट चांगली आहे, दाब अडकून राहतोय. तुमची गाडी तापल्यावरच स्लिप होत असेल तर प्लेट बदलण्याआधी एवढं जरूर करून बघा. गिअरबॉक्स उतरवण्याचा सगळा खर्च वाचेल. फक्त तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाला हात लागू देऊ नका, आणि घरी पोचल्यावर एअर काढायला विसरू नका.

आता करकर

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बरेच जण इथे फसतात. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणारी सोय, नाही. रिव्हर्सलाही नाही. गाडी पूर्ण थांबण्याआधी पहिला टाकला तर तो करकरणारच. तो क्लचचा दोष धरू नका. तपासणी अशी करायची: इंजिन आयडलला, पेडल पूर्ण दाबून मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे, मग हळूच रिव्हर्स टाकायचा. तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबायला हवा. तरी करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही हे नक्की.

पुढचं काम मोजण्याचं. गाडी घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. आमच्याकडे बाबा सीटवर आणि मी खाली, स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर घेऊन. पुशरॉड आधी नियमाप्रमाणे ०.८ मिलिमीटर फटीवर आणला, म्हणजे मोजमापात लबाडी राहत नाही. मग मी म्हटलं, "बाबा, दाबा."

"दाबलोय की."

"पूर्ण?"

"मॅट आडवं आलंय गं."

पहिले मिलिमीटर तिथेच सापडले. कधीतरी पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून पेडलखाली जाड रबरी मॅट घातलं होतं, त्याखाली जुना गालिचा. दोन्ही मिळून चांगले बारा मिलिमीटर. पेडल जमिनीला टेकलंय असं आपल्याला वाटतं, ते टेकलेलं असतं मॅटला. मॅट काढलं आणि पुढची सगळी मापं त्यानंतर घेतली.

मोजायचं काय, तर स्लेव्ह सिलिंडरचा रॉड किती पुढे सरकतो ते. आमचा सरकला साडेआठ मिलिमीटर. क्लच मोकळा सुटायला या गाडीला साधारण बारा लागतात असं आता स्वतःच्या अनुभवाने सांगते. म्हणजे साडेतीन कुठेतरी गळत होते. ऑइल तर कुठूनच गळत नव्हतं, टाकीची पातळी महिनोन्महिने तशीच. ही फार उपयोगी खूण आहे. पातळी उतरत असेल तर आधी मास्टर आणि स्लेव्हचं किट बदला, बाकीचं नंतर. आणि या गाडीत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच आहे, त्यामुळे क्लचचं ऑइल गळतंय म्हणजे ब्रेकचंही ऑइल जातंय. ते एक दिवसही पुढे ढकलू नका.

रबरी होजही बघितला. बाबांनी पेडल दाबताना होज मुठीत धरला, फुगत नव्हता. जुना असेल तर तो हातात फुगताना स्पष्ट कळतो. तसा असेल तर बदलून टाका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

मग नजर गेली एका स्प्रिंगकडे. रिलीज फोर्कच्या, म्हणजे स्लेव्हने ढकलून क्लच सोडवणाऱ्या दांड्याच्या, बाहेर आलेल्या टोकापासून चासीपर्यंत कुणीतरी एक स्प्रिंग ताणून लावली होती. बाबांना आठवलं, फार वर्षांपूर्वी बेअरिंगला आराम मिळावा म्हणून लावली होती. हेतू चांगला होता. या गाडीचं रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नसतं, कार्बनचं असतं. ग्रॅफाइटची कडी घासत राहते आणि झिजते, म्हणून ती मागे ओढून ठेवावी असं कुणालाही वाटेल. पण स्लेव्हच्या आत आधीच एक हलकी स्प्रिंग असते. ती पिस्टनला कायम फोर्ककडे टेकवून ठेवते. त्यामुळे प्लेट झिजली, फोर्कची पिन झिजली, तरी पिस्टन तेवढा पुढे येऊन बसतो आणि प्रवास कमी होत नाही. गाडी स्वतःच सेटिंग करून घेते. बाहेरची स्प्रिंग ही सोयच मारून टाकते. फोर्क प्रत्येक वेळी पार मागे ओढला जातो, पिस्टन तळाला जातो, आणि पुढच्या वेळी पेडल दाबलं की आधीचे काही मिलिमीटर नुसते ती पोकळी भरण्यात जातात.

स्प्रिंग काढली. स्लेव्हचा प्रवास साडेआठवरून साडेनऊच्या थोडा वर गेला.

उरलेले मिलिमीटर पेडलपाशी

ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते इथे आहे.

स्लेव्हच्या बाजूची झीज गाडी भरून काढते हे वर सांगितलं. पेडलच्या बाजूची झीज मात्र कुणीच भरून काढत नाही. पेडलचा दांडा आणि मास्टरचा पुशरॉड एका आडव्या पिनने जोडलेले असतात. पुशरॉडच्या टोकाला यू आकाराचा फोर्क, मधे पेडलचा दांडा, आरपार पिन आणि तिला स्प्लिट पिन. प्रत्येक वेळी पाय पडला की ही पिन त्याच एका बाजूने दाबली जाते. साठ-पासष्ट वर्षं. ग्रीस कुणी लावत नाही, कारण तिथे हात घालायला डोकं खाली आणि पाय वर करावे लागतात.

पिन काढून हातात घेतली तेव्हा मला धक्काच बसला. ती गोल राहिलीच नव्हती. मधल्या पट्ट्यात खाच पडून ती कमरेत बारीक झाली होती. मूळ व्यास ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. खाचेत व्हर्नियरला आलं ७ मिलिमीटर. पेडलच्या दांड्यातलं भोक लंबगोल, लांबट बाजूला ९ मिलिमीटर. यू फोर्कची भोकंही थोडी ओढलेली. एकूण हिशेब केला तर जवळपास अडीच मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा.

अडीच मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण रॉडवरचे ०.८ म्हणजे पॅडवर ४, हे वर सांगितलंच. पेडल पाचपट आहे. म्हणजे पिनपाशी अडीच गेले की पायाखालचे साडेबारा गेले. पाय साडेबारा मिलिमीटर खाली जातो आणि ऑइलला त्याचा पत्ताही नसतो. हेच आम्ही सहा वेळा रॉड लांब करून भरत होतो. विचित्र असं की पेडल हातानं हलवून बघणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला हा प्ले जाणवत होता. पण तो फ्री प्ले, म्हणजे मुद्दाम ठेवलेली फट, म्हणूनच धरला गेला. पिनचा प्ले आणि पिस्टनपुढची फट पायाला सारखीच लागते. त्यातला भेद असा ओळखायचा: आत वाकून पुशरॉडला बोट लावा आणि दुसऱ्या हाताने पेडल हळू दाबा. पेडल हललं आणि रॉड हलला नाही, ती पिनची झीज. रॉड हलला पण जोर लागला नाही, ती फट.

पेडलचा दांडा सोडवून उद्यमबागला एका लेथवाल्याकडे घेऊन गेले. बेळगावात राहण्याचं हे मोठं सुख आहे. फाउंड्री आणि मशीनशॉपचं गाव, शंभर वर्षांपूर्वीचा भाग असो की कालचा, कुणीतरी तो हातात घेऊन निरखून बघतो. टर्नरने भोकात बोट घातलं आणि म्हणाला, "प्ले भाळ ऐती, अक्का." (प्ले खूप आहे, ताई.) वेल्डिंगने भोक भरून पुन्हा पाडूया, असं त्याचं पहिलं मत होतं. मी नको म्हटलं. वेल्डिंग केलेली जागा कडक होते, ड्रिल तिथे भरकटतं, आणि भोक अर्धा मिलिमीटर जरी वरखाली गेलं तरी पेडलचं प्रमाण बदलतं. आम्ही लंबगोल भोक मूळ मध्य धरून १० मिलिमीटरला बोअर केलं, त्यात गनमेटलची बुश दाबून बसवली आणि बुशला आतून ५/१६ रीमर मारला. मूळ मध्य कुठे होता हे भोकाच्या न झिजलेल्या बाजूवरून धरलं. झीज एकाच बाजूला असते, त्यामुळे उरलेला अर्धा गोल खरा असतो. यू फोर्क नवा केला. पिन ईएन ८ पोलादाची, चार नग. एक गाडीत, तीन पुढच्या पिढीसाठी.

जोडताना क्रम महत्त्वाचा. पिनला ग्रीस, नवी स्प्लिट पिन, जुनी पुन्हा वाकवून घालू नका. चेक नट सैल करून पुशरॉड फिरवा आणि पॅडपाशी पट्टी धरून ४ मिलिमीटर मोकळा प्रवास ठेवा. हे पायाने जमत नाही, पाय जड असतो. बोटाने दाबा. नट आवळताना रॉडही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. मग टाकीचं झाकण उघडून कुणाला तरी पेडल अलगद दाबायला सांगा. दाबताक्षणी ऑइलवर बारीक तरंग उठला तर ते सुईएवढं भोक मोकळं आहे. तरंग नाही उठला तर रॉड अजून लांब आहे, पट्टी काहीही सांगो. ब्रेकच्या रॉडला मात्र या सगळ्यात हात लावू नका. दोन्ही रॉड शेजारी शेजारी आहेत आणि वाकून काम करताना चुकीच्या नटाला पाना लागायला वेळ लागत नाही.

एअर काढायची नेहमीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. निपलला पारदर्शक नळी, बाटलीत थोडं ऑइल, दाब, सैल, बंद, सोड. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल चुकून गेलं तर सगळे रबरी वॉशर फुगून खराब होतात. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. आणि दोन वर्षांनी ऑइल बदलाच. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि खानापूरकडचा पाऊस कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

सगळं झाल्यावर पुन्हा तीच जोडी, बाबा वर आणि मी खाली. स्लेव्हचा रॉड बारा मिलिमीटर सरकला. पाचपर्यंत आकडे मोजून रिव्हर्स टाकला, नुसता 'टक्' झाला. पुढच्याच आठवड्यात साखळीहून चोर्ला चढलो, वाटेत मुद्दाम दोनदा थांबून, पुन्हा निघून. क्लच घसरला नाही. त्याला आता चौदा महिने झाले, चेक नटाला पाना लागलेला नाही.

तुमच्या गाडीत स्लेव्हचा प्रवास पूर्ण बारा मिलिमीटर येत असेल आणि तरीही रिव्हर्स करकरत असेल, तर पेडलकडे वेळ घालवू नका. दोष आत आहे. क्रँकच्या टोकाला एक छोटी ब्राँझची बुश असते, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक तिच्यात फिरतं. ती कोरडी पडून शाफ्टला धरली तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरत राहतो. किंवा प्लेट वाकलेली असते. दोन्हीसाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

कार्बनच्या बेअरिंगबद्दल एक सवय लावून घ्या. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की रांगेत उभ्या असलेल्या अर्ध्या लोकांचा पाय क्लचवर आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असते. नव्या गाडीला ते चालून जातं. या गाडीत तेवढा सगळा वेळ ग्रॅफाइट घासलं जातं. गेट पडलं की न्यूट्रल करा, पाय पेडलवरून पूर्ण बाजूला ठेवा, गेट उघडलं की मगच क्लच. बाबांना सत्तराव्या वर्षांनंतर ही सवय लावणं अवघड गेलं, पण लागली.

केबलच्या क्लचवाल्या गाड्यांना यातलं हायड्रॉलिकचं काही लागू नाही. तिथे केबल ताणली जाते, तिला नटाने घेणं रास्तच आहे. पण पेडलपाशी पिन तिथेही असते. एकदा काढून व्हर्नियर लावा.